तुळजाबाईंची कोठी

तुळजाबाई वसतिगृहात कामाला लागल्या त्या धान्य निवडायला. सदाशिव पेठेतल्या त्या मुलींच्या वसतिगृहात तेव्हा सत्तर मुली राहत होत्या. बार्शी, फलटण, संगमनेर अशा गावांहून शिकायला आलेल्या. सत्तर जणींना दोन वेळ जेवू घालायचं म्हणजे पाट्याच्या पाट्या धान्य निवडावं लागे. स्वयंपाकघराच्या मागे कोठीची खोली होती, आठ बाय दहाची. एक खिडकी, एक मोरी, भिंतीला लाकडी मांडणी आणि खाली फळ्यांवर उभी केलेली पोती. उजेड मिळावा म्हणून तुळजाबाई त्या खोलीच्या उंबऱ्यात बसत आणि पाखडता पाखडता त्यांची नजर आत फिरत असे.

चौथ्या दिवशी त्या रेक्टरबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. रेक्टर मंदाकिनीबाई पूर्वी शाळेत शिकवत. बोलत कमी, पण बोलल्या तर समोरच्याला दोन दिवस पुरेल असं.

"बाई, कोठीत सात-आठ उंदीर हायेत. आन् एक चिचुंद्री. चिचुंद्रीला मारू नका कुणी, ती झुरळं खाती."

मंदाकिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी शिरगणतीच्या कामावर होतात का?"

"न्हाई. खराडीला होते, वावरात."

"मग सात की आठ?"

तुळजाबाई त्यांना कोठीत घेऊन गेल्या. मांडणीखालच्या लेंड्या दाखवल्या. ह्या तांदळाएवढ्या टोकदार, त्या लहान उंदराच्या. ह्या चवळीएवढ्या, त्या मोठ्याच्या. ह्या ओल्या म्हणजे कालच्या, ह्या चुरगळतात म्हणजे जुन्या. भिंतीच्या कडेनं गेलेली तेलकट काळी रेघ दाखवली. उंदीर खोलीच्या मधून चालत नाही, भिंतीला अंग घासत चालतो, म्हणून ही त्याची वाट. त्या वाटेचा माग काढत दोघी दाराच्या कोपऱ्याशी आल्या. तिथे चौकटीचं लाकूड करंगळीएवढं कुरतडलेलं होतं. मंदाकिनीबाई वाकल्या, बोट घालून पाहिलं आणि सरळ झाल्या.

"बावीस वर्षं मी ह्या दारातून जा-ये करते आहे," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात कोठीची किल्ली तुळजाबाईंच्या कनवटीला आली.

ही विद्या त्यांनी कुठल्या शाळेत घेतली नव्हती. ती त्यांच्या वडिलांची, गेनबांची. खराडी तेव्हा नगर रस्त्याला लागून असलेलं, नदीकाठचं ज्वारी-बाजरीचं गाव होतं. पुणं म्हणजे बैलगाडीनं जायचं ठिकाण. तुळजा नऊ-दहा वर्षांची असताना एक वर्ष पावसानं ओढ दिली आणि बहुतेक कणसं दाण्यावाचून राहिली. त्या हिवाळ्यात गेनबा कुदळ घेऊन बांधावर जायचे आणि तुळजाला बरोबर न्यायचे. घुशीच्या बिळाला चार-पाच तोंडं असतात, पण कोठार एकच. कुठल्या तोंडाशी माती ताजी आहे, कुठे भुसा सांडलाय, हे बघून गेनबा बरोबर त्या कोठारावर कुदळ घालायचे. आत कणसं रचून ठेवलेली असायची, देठं सगळी एका बाजूला.

"बघ," गेनबा म्हणायचे, "हिची कोठी तुझ्या आयपरीस नीट हाय."

एका बिळातून कधी पायली, कधी दोन पायल्या ज्वारी निघे. ती धुऊन, वाळवून घरात खाल्ली जाई. निघताना गेनबा ओंजळभर कणसं आत परत टाकायचे. तुळजाला वाटे, बापाला दया आली. तिनं एकदा विचारलं तेव्हा गेनबा म्हणाले, "दया कसली? समदं काढलं तर ती उद्या आपल्या घरात येईल. हितं पोट भरलं तर हितंच ऱ्हाईल."

लग्न होऊन तुळजाबाई पुण्यात आल्या. नवरा बजरंग भुसार बाजारात हमाल. पाठीवर आयुष्यभर पोती वाहिलेला, सरळ, अबोल माणूस. पोत्याला हात लावून तो आतला माल किती जुना ते सांगे आणि पोत्याचा कोपरा कुरतडलेला असला तर वाहण्याआधी बाजूला काढे. दोघांचं ज्ञान घरात एकत्र आलं आणि तुळजाबाईंच्या मार्फत वसतिगृहाच्या कोठीत गेलं.

कोठीत विष ठेवायचं नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. त्या पिंजरा लावत. तुपात परतलेला भाकरीचा तुकडा आकड्याला अडकवायचा आणि पहिले दोन दिवस पिंजऱ्याचं दार बांधून ठेवायचं, म्हणजे उंदीर बिनधास्त येऊन जातो. तिसऱ्या दिवशी दोरी सोडायची. सकाळी सापडलेला उंदीर फडक्याखाली झाकून त्या नदीपर्यंत चालत जात आणि पलीकडच्या काठाला सोडून येत. पेठेतले लोक फिरायला निघालेले असत. एक गृहस्थ रोज विचारत, "काय तुळजाबाई, माहेरी पोचवायला?"

"व्हय. तुमच्याकडंच सोडणार हुते, पर तुमी घरी नसता," असं म्हणून तुळजाबाई पुढे जात.

नऊ वर्षं असं नीट चाललं. उंदीर संपले नाहीत, ते कुठेच संपत नाहीत, पण दोन-तीनाच्या वर गेले नाहीत. मुलींच्या ताटात कधी काही आलं नाही.

मग शेजारची लाकडाची वखार पाडायला घेतली. तिथे चार मजली इमारत उठायची होती. वखारीत ओंडक्यांच्या खाली किती पिढ्या उंदीर नांदत होते कोण जाणे. ओंडके हलले तशी ती सगळी वस्ती भिंत ओलांडून वसतिगृहात आली. आठ दिवसांत कोठीचं रूप पालटलं. पोत्यांचे कोपरे फाटले, मांडणीवरून डबे पडू लागले, मोरीच्या तोंडाशी घुशीनं टोपलीभर माती काढली. तुळजाबाईंच्या एका पिंजऱ्यानं काय होणार? त्यांनी बजरंगकडून आणखी चार मागवले. रोज चार-पाच उंदीर सापडत आणि रोज तेवढेच नवे येत. शेवटी एके सकाळी पोह्यांच्या ताटलीत लेंडी निघाली. ताटली शालू नावाच्या मुलीची होती. ती किंचाळली नाही की काही नाही. ताटली उचलून तिनं रेक्टरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि कॉलेजला गेली.

त्या दिवशी संस्थेचे चिटणीस गोपाळकृष्ण मोघे आले. मोघे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, साठीला टेकलेले, पगार न घेता संस्थेचं काम करणारे. वसतिगृहातला प्रत्येक बल्ब त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेला होता. माणूस प्रामाणिक आणि तितकाच हट्टी.

"विष घालू या," ते म्हणाले.

"कोठीत नको, साहेब," तुळजाबाई म्हणाल्या. "बाहेर घाला, मोरीच्या पल्याड घाला. आत अन्न हाय."

"अन्न आहे म्हणूनच तर उंदीर आहेत. तुम्ही नदीवर सोडून येता, ते तुमच्या आधी परत पोचत असतील."

मंदाकिनीबाईंनी मोघ्यांना अडवलं नाही. परीक्षा तोंडावर होत्या, मुलींच्या घरून पत्रं यायला लागली होती.

त्या शनिवारी तुळजाबाईंच्या भाचीचं लग्न होतं, खराडीला. शनिवार, रविवार, सोमवार अशी तीन दिवसांची रजा त्यांनी महिन्याआधीच मागून ठेवली होती. जाताना त्यांनी किल्ली स्वयंपाक करणाऱ्या बायडाबाईकडे दिली आणि दोनदा बजावलं, "पोती उघडी टाकू नको." बायडाबाई त्यांच्याच वयाची, हाताला चव असलेली, पण जरा विसराळू.

शनिवारी दुपारी मोघे आले. काळ्या पावडरीचं विष त्यांनी कणीक आणि गूळ घालून स्वतः मळलं होतं, हातावर कापड बांधून. सुपारीएवढ्या बत्तीस गोळ्या. प्रत्येक गोळी कागदाच्या चिटोऱ्यावर ठेवली आणि कुठे कुठे ठेवली ते लिहून घेतलं. काम त्यांनी मनापासून केलं, यात शंका नाही. रविवारी सकाळी पाच उंदीर मरून पडले होते, सोमवारी चार. मोघ्यांनी ते स्वतः उचलून टाकले. अकरा गोळ्या जागच्या जागी होत्या, त्या गोळा करून नेल्या. उरलेल्या एकवीस गेल्या होत्या. उंदरांनी खाल्ल्या, असं त्यांनी मंदाकिनीबाईंना समाधानानं सांगितलं.

मंगळवारी अंगारकी चतुर्थी होती. दहा वाजता बऱ्याच मुलींचा पेपर. पेपरच्या दिवशी अंगारकी आली म्हटल्यावर एरवी उपास न करणाऱ्यांनीही उपास धरला होता. साबुदाणा आदल्या दिवशी भिजवलेला, बायडाबाईनं पहाटे उठून दाणे भाजून कूट केलेला. तुळजाबाई खराडीहून पहिल्या बसनं निघून आठच्या सुमारास वसतिगृहात आल्या, तेव्हा मोठ्या कढईत खिचडी परतून होत आली होती आणि मुली ताटल्या घेऊन रांगेत उभ्या होत्या.

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि तुळजाबाई थांबल्या.

"बायडे, लसूण कुनी सोललाय?"

"आज?" बायडाबाई म्हणाली. "चतुर्थीला? तुजं डोकं ठिकान्यावर हाय का?"

तुळजाबाई कढईजवळ गेल्या. तूप, जिरं, मिरची, बटाटा. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी पुसट, लसूण. साधा लसूण नव्हे, शिळा, थोडा कुजल्यासारखा. असला वास त्यांना एकदाच आला होता. लग्नाच्या आदल्या वर्षी गावात उसातल्या उंदरांसाठी काळी पावडर वाटली होती. गेनबांनी पुडी उघडली आणि म्हणाले होते, घरात लसणाची पाकळी न्हाई आन् लसूण वास मारतोय, म्हंजी हे. ही पुडी घरात ठिवायची न्हाई.

त्यांनी कढईवर परात झाकली आणि स्टोव्ह बंद केला.

"आत विष घातलं हुतं का कुनी?"

बायडाबाईचा चेहरा उतरला. "मोघे साहेबांनी. शनवारी. पर त्यांनी समद्या गोळ्या उचलून नेल्या."

"समद्या?"

रांगेतल्या मुली कुजबुजू लागल्या. एकीनं विचारलं, "मावशी, वाढताय ना? नऊला निघायचंय." तुळजाबाई कढईच्या समोर, पाठ कढईकडे आणि तोंड मुलींकडे करून उभ्या राहिल्या. "न्हाई वाढत," त्या म्हणाल्या. "कुनी हात लावायचा न्हाई."

मंदाकिनीबाई आल्या. पाठोपाठ मोघेही आले. पेपरच्या दिवशी सकाळी ते मुलींना शुभेच्छा द्यायला हटकून येत. काय झालं ते तुळजाबाईंनी थोडक्यात सांगितलं. मोघ्यांनी कढईवरची परात जराशी सरकवून वास घेतला.

"मला काही येत नाही," ते म्हणाले. त्यांना तपकिरीची सवय होती. मंदाकिनीबाईंनी वास घेतला. त्यांना काहीतरी आल्यासारखं वाटलं, पण लसूण म्हणून त्या शपथ घेऊ शकल्या नसत्या.

"तुळजाबाई, मी बत्तीस गोळ्या ठेवल्या," मोघे शांतपणे म्हणाले. "अकरा परत नेल्या. एकवीस उंदरांनी खाल्ल्या."

"मेलेले किती घावले?"

"नऊ."

"एक गोळी खाल्ली की उंदीर मरतो, साहेब. दुसरी खायाला उरत न्हाई. नवांनी नऊ खाल्ल्या. आनखी चार-पाच बिळात जाऊन मेले आसतील. बाकीच्या कुटं गेल्या?"

मोघे खिशातला यादीचा कागद काढून पाहू लागले.

"उंदीर जागेवर खात न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या. "वढून न्हेतो. लपवून ठिवतो. आन् लपवायची जागा त्याला आपल्या पोत्यापरीस चांगली कुटली?"

त्यांनी शेंगदाण्याचं पोतं ओढून काढलं आणि जाजमावर उपडं केलं. बायडाबाई आणि त्या, दोघी गुडघ्यावर बसून दाणे पसरू लागल्या. मंदाकिनीबाईही पदर खोचून बसल्या. पाव तास गेला. पोत्याच्या तळापर्यंत दाणे निवडले. त्यात काहीही निघालं नाही.

साडेआठ झाले. मुलींची रांग मोडून घोळका झाला होता. मोघे म्हणाले, "आता मुलींना खाऊ द्या. उपाशीपोटी तीन तास लिहिणार आहेत त्या."

तुळजाबाई दाण्यांच्या ढिगाशी बसून राहिल्या. आपण चुकलो असू, असं त्यांना त्या घटकेला खरोखर वाटलं. पुढे अनेकदा त्यांनी हे बजरंगला सांगितलं, की त्या वेळी कुणी आणखी एक शब्द बोलला असता तर मी उठून बाजूला झाले असते. नोकरीची भीती नव्हती. सत्तर पोरी आपल्या नाकावर विसंबून उपाशी ठेवायच्या, याची भीती होती.

मग त्यांना सुचलं. "बायडे, दाणे ह्या पोत्यातलेच घेतले हुते का?"

"न्हाई," बायडाबाई म्हणाली. "मांडणीवर पिशवी हुती. कापडी. ती सपवावी म्हनलं आधी."

"पिशवी कुटं हाय?"

पिशवी रिकामी करून धुवायला टाकली होती. ती काढून पाहिली तर खालचा कोपरा कुरतडलेला. पण आत काही उरलं नव्हतं.

"दाणे भाजून पाखडलेस ना? सालं कुटं हायेत?"

सालं मागच्या दारी टोपलीत होती. तुळजाबाईंनी टोपली उचलून आणली, उन्हात खिडकीपाशी सूप धरलं आणि मूठ मूठ सालं त्यात टाकून हलक्या हातानं पाखडू लागल्या. लालसर सालं पुढे उडत होती. चौथ्या मुठीला सुपात मागे काहीतरी जड राहिलं. राखाडी, तुटकी, भाजून टणक झालेली कणीक. हरभऱ्याएवढे तीन तुकडे.

त्यांनी सूप मोघ्यांसमोर धरलं. मोघ्यांनी एक तुकडा चिमटीत धरून बोटांनी फोडला. आतून काळा निघाला.

मंदाकिनीबाई उठल्या, हात धुतले आणि मुलींसमोर गेल्या. "नाश्ता नाही," त्या म्हणाल्या. "केळी आणि दूध मागवते आहे. गरम करेपर्यंत थांबा, आणि उशीर होत असेल तर नुसती केळी घेऊन जा." शालूनं विचारलं, "बाई, काय झालं?" मंदाकिनीबाई म्हणाल्या, "काही झालं नाही. तेच महत्त्वाचं."

खिचडी मागच्या अंगणात खड्डा खणून पुरली. मुली गेल्यावर कोठी रिकामी करायला घेतली. एकेक पोतं बाहेर आणून अंगणात उपडं केलं. गव्हाच्या पोत्यात दोन गोळ्या मिळाल्या, तांदळाच्या पोत्यात एक, मुगाच्या डाळीत अर्धी, जुन्या रद्दीच्या मागे दोन. मोघे दिवसभर तिथे होते. कोट काढून, जमिनीवर मांडी घालून, ते धान्यात हात घालून शोधत होते. दुपारी मंदाकिनीबाईंनी चहा दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला तो तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत साडेपाच गोळ्या मिळाल्या.

"बाकीच्या खाल्ल्या असतील का?" त्यांनी विचारलं. सकाळचा आवाज राहिला नव्हता.

"कुनाला ठावं?" तुळजाबाई म्हणाल्या. "खाल्ल्या किती आन् लपवल्या किती, ते उंदरालाच म्हाईत."

"मग?"

"उघड्या पोत्यातलं समदं टाकावं लागंल. बंद डब्यातलं तेवढं ऱ्हाऊ द्या."

महिन्याभराचा शिधा होता. मोघ्यांनी होकारार्थी मान हलवली. त्या संध्याकाळी बजरंग मार्केट यार्डातून हातगाडीवर चार पोती नवं धान्य घेऊन आला. प्रत्येक पोतं त्यानं चारी कोपऱ्यांवर हात फिरवून पारखलेलं होतं. मुली रात्री जेवायला आल्या तेव्हा स्टोव्हवर वरणभात शिजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोठीच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लागली. मोघ्यांच्या सुबक अक्षरात: 'या खोलीत विष ठेवू नये. ठेवावेसे वाटल्यास ठेवणाऱ्याने प्रथम चव घ्यावी. या खोलीविषयी तुळजाबाई सांगतील ते अंतिम. आज्ञेवरून, गो. मोघे.' पेठेतले लोक पाटी बघायला येऊ लागले तेव्हा मंदाकिनीबाईंनी बाहेरचं दार लावून घ्यायला सांगितलं. मोघ्यांनी क्षमा मागितली ती एवढीच, आणि तुळजाबाईंना ती पुरली.

पुढचं काम तुळजाबाई सांगतील तसं झालं. मोघ्यांनी रविवार पेठेतून सिराज नावाच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला आणलं. सिराजचे वडीलही हेच काम करत. पेठेतल्या निम्म्या घरांतले पिठाचे डबे त्या घरच्या हातचे.

"बोला बाई, काय करायचंय?" सिराजनं विचारलं.

"आज काई न्हाई. उद्या सकाळी या."

संध्याकाळी त्यांनी कोठीच्या जमिनीवर चाळणीनं कणीक भुरभुरली आणि दार लावून घेतलं. सकाळी सिराज आला तेव्हा जमिनीवर पावलांची नक्षी उमटली होती. शेपट्यांच्या रेघा, पंजे, कुठून आले, कुठे गेले, सगळं. सिराज उकिडवा बसून बघत राहिला. "तीस वर्षं डबे करतोय," तो म्हणाला, "पण ज्यांच्यासाठी झाकण घट्ट करतो, त्यांचा पत्ता आज कळला."

दाराच्या तळाला पत्रा लागला. मोरीच्या तोंडाला जाळी. नळाच्या पाइपाभोवतीच्या फटीत काचेचा चुरा घातलेलं सिमेंट. धान्याला पत्र्याच्या उंच कोठ्या, झाकण पिळून बसणारं. मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे घेतली, म्हणजे मागे झाडता येईल आणि उंदराला अंग घासायला भिंतीची वाट राहणार नाही. अकरा दिवस सिराज येत होता. शेवटी एकच बीळ राहिलं, मोरीजवळचं, घुशीचं. सिराजनं सिमेंट कालवलं तसं तुळजाबाईंनी त्याला थांबवलं.

"आत पिल्लं हायेत," त्या म्हणाल्या. "आवाज येतोय."

"मग?"

"हे बीळ आठ दिवसांनी बुजवा. ती न्हेईल तवर."

"दया येते का, बाई?"

तुळजाबाईंनी क्षणभर विचार केला. "आत मेली तर महिनाभर वास जानार न्हाई," त्या म्हणाल्या. सिराज हसला आणि त्यानं ते सिमेंट दुसऱ्या फटीला वापरून टाकलं. रोज सकाळी तुळजाबाई बिळाच्या तोंडाला गवताची काडी आडवी लावून ठेवत. सातव्या दिवसापासून काडी हलली नाही. बीळ खणून पाहिलं तेव्हा आत केसांची रिबीन, पेन्सिलीचे तुकडे, एक पायमोजा आणि नीट ओळीनं रचलेल्या चार विषाच्या गोळ्या होत्या. घुशीनं एकीलाही दात लावला नव्हता. मोघ्यांना त्या दाखवल्या. त्यांनी त्या स्वतःच नेऊन खोल पुरल्या.

त्यानंतर चौदा वर्षं तुळजाबाईंनी ती कोठी सांभाळली. पेठेतल्या खानावळी, दवाखाने, क्लासवाले, कुणाकडेही उंदीर झाले की त्यांना बोलावणं येई. त्या जात, कणीक भुरभुरत, दुसऱ्या दिवशी वाट दाखवत आणि सिराजचा पत्ता देत. विष घालणार असाल तर मला बोलावू नका, असं आधीच सांगत. मुली बदलत गेल्या. लग्न झालेल्या, नोकरीला लागलेल्या जुन्या मुली भेटायला येत, तेव्हा आधी कोठीच्या उंबऱ्याशी येऊन बसत.

निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे खराडीला राहायला गेल्या. ज्या वावरात गेनबांनी कुदळ चालवली होती, तिथे आता काचेच्या इमारती होत्या आणि मुलगा त्यातल्याच एका कंपनीच्या दारावर सुरक्षारक्षक होता. बजरंग तोवर गेला होता. सून प्रेमळ होती, स्वयंपाकघर सातव्या मजल्यावर. तिथे करायला काही नव्हतं.

एके दिवशी मोघ्यांचा फोन आला. ते आता ऐंशीच्या पुढे गेलेले, पत्नी वारलेली, मुलगी परदेशात. "तुळजाबाई, माझ्या स्वयंपाकघरात उंदीर आहे," ते म्हणाले. "जमेल तेव्हा येऊन बघून जा."

तुळजाबाई सदाशिव पेठेत त्यांच्या घरी गेल्या. मोघ्यांनी स्वतः चहा केला. तुळजाबाईंनी वाकून कपाटाखाली पाहिलं. लहानशा उंदराच्या लेंड्या, एकाच्याच. आणि भिंतीशी एक बशी, तिच्यात बिस्किटाचे बारीक तुकडे.

"ही बशी कुनी ठेवली?"

मोघ्यांनी कपात बघत चहाचा घोट घेतला. "तुम्हाला फोन केला तेव्हा तो घालवायचा होता," ते म्हणाले. "तुम्ही परवा येते म्हणालात. मध्ये दोन दिवस गेले. संध्याकाळी सातच्या सुमाराला येतो. घरात कुणीतरी हललेलं बरं वाटतं."

तुळजाबाई खुर्चीवर टेकल्या. त्यांनी कपाट तपासलं होतं. पीठ, डाळ, सगळं झाकणाच्या डब्यांत होतं. उघडं काही नव्हतं.

"एक हाय तवर असू द्या," त्या म्हणाल्या. "पर बशी रोज गरम पान्यानं धुवायची. आन् दोन झाले की मला फोन करायचा. लपवायचं न्हाई."

"लपवणार नाही," मोघे म्हणाले.

मग दोघं वसतिगृहाविषयी बोलत बसली. मंदाकिनीबाईंच्या शेवटच्या आजारपणाविषयी, सिराजच्या मुलानं दुकान वाढवल्याविषयी. निघताना मोघे जिन्यापर्यंत आले.

सव्वा महिन्यानं फोन वाजला. "तुळजाबाई, दोन झाले," मोघे म्हणाले. "माझा अंदाज आहे की दुसरी बाई आहे."

"उद्या येते," तुळजाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सुनेला भाकरीचा एक तुकडा तुपात परतून द्यायला सांगून, पिंजरा पिशवीत घालून, त्या सकाळच्या बसनं सदाशिव पेठेत निघाल्या.